तेच रोप

स्कॉटलंडच्या आग्नेय टोकाला, इंग्लंडच्या हद्दीलगत, बेरिकशर नावाचा जो जुना परगणा आहे, त्यातल्या एका लहान खेड्यात माझ्या वास्तव्याला आता वीस वर्षे होऊन गेली. आणि या वीस वर्षांत ज्या प्रश्नाने माझ्या मनाची पाठ कधीच सोडली नाही, तो प्रश्न मला घातला तो परसातल्या व्हायोलाच्या एका ठोंबाने. येथे आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मुळासकट काढलेला एक फुटवा माझ्या हाती ठेवला आणि त्याच्याबरोबर जस्ताची एक लहानशी पट्टी दिली. पट्टीवर पेन्सिलीने इंग्रजीत एकच शब्द लिहिलेला होता : ‘आईची’. बाईंना ते रोप त्यांच्या आईकडून मिळाले होते; आईला ते, ती ज्या वाड्यात स्वयंपाकाला होती तेथल्या माळ्याकडून मिळाले होते; आणि त्यामागची वंशावळ कोणाच्याच स्मरणात उरलेली नव्हती. फूल म्हणाल तर रुपयाच्या नाण्याएवढे, दुधात जांभळाचा रस मिसळावा तशा फिकट रंगाचे, मध्यभागी एक पिवळा डोळा असलेले. आणि इतर व्हायोलांच्या पाकळ्यांवर मांजराच्या मिशांसारख्या ज्या काळ्या रेषा असतात, त्यांचा मागमूसही नसलेले. संध्याकाळी समुद्रावरचे धुके शेतांवरून चढू लागले की त्या ठोंबापाशी मधासारखा एक मंद वास दरवळत राही, आणि त्या वासासाठी बाई ऐंशीव्या वर्षीही काठी टेकीत कुंपणापर्यंत येत.

पुण्याकडच्या वाचकाला या कुळातले ओळखीचे फूल म्हणजे पॅन्झी. ऑक्टोबरात तिचे बी कुंडीत टाकावे, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तिने आपले मखमली चेहरे दाखवावेत आणि होळीच्या उन्हाने तिला निरोप द्यावा, असा तिचा आपल्याकडचा परिपाठ. म्हणून हे फूल आपल्या मनात एका ऋतूच्या पाहुण्यासारखे राहिलेले आहे. हकीम ज्या बनफ्शाचा काढा देतात ती तिचीच एक नातलग, पण तिचीही आपली ओळख वाळलेल्या पुडीपुरती. पिरेनीज पर्वताच्या कुरणांत उगवणारी जी शृंगयुक्त व्हायोला, जिच्या फुलामागे निघालेल्या लांब शिंगासारख्या मधुकोशावरून लिनीयसने तिला ‘कॉर्न्यूटा’ हे नाव दिले, तिची प्रकृती निराळी आहे. ती बहुवर्षायू आहे. बर्फाखाली दबून गेलेली तिची पाने मार्चमध्ये हिरवीच बाहेर येतात. मे महिन्यात तिला जी फुले लागतात ती योग्य निगा राखल्यास शरदातल्या पहिल्या कडक हिवापर्यंत लागत राहतात. तिला ऊन हवे, परंतु मुळे गारव्यात हवीत. जमीन ओलसर हवी, परंतु साचलेले पाणी नको. हिवाळ्यातली थंडी तिला मारीत नाही, हिवाळ्यातला चिखल मात्र मारतो. म्हणून लावणीच्या वेळी मातीत बारीक खडी आणि कुजलेला पाला सढळ हाताने घालावा लागतो, आणि पावसाळी रात्री कंदील घेऊन गोगलगाई वेचाव्या लागतात. एवढे केले की ती आपल्याकडून दुसरे फारसे काही मागत नाही.

आमच्या खेड्यापासून सहा मैलांवर चर्नसाइड हे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार्ल्स स्टुअर्ट नावाचे एक डॉक्टर वैद्यकीचा व्यवसाय करीत. रोग्यांच्या भेटीगाठींतून उरणारा वेळ त्यांनी या एका फुलाला वाहिला. 1874 साली त्यांनी ‘ब्लू किंग’ नावाच्या पॅन्झीचा पराग शृंगयुक्त व्हायोलाच्या फुलावर घातला. त्यातून एक बोंड धरले आणि त्या बोंडातल्या बियांतून बारा रोपे झाली. बाराही निळी, परंतु बाराही आईसारखी दाट ठोंब धरणारी. पॅन्झीचा देह विरळ आणि लवकर थकणारा. पर्वतकन्येचा देह आटोपशीर आणि चिवट. या दोहोंचा जो संगम त्या एका बोंडात झाला, त्याच्यावर पुन्हा पुन्हा संकर करीत, बारा-तेरा वर्षांच्या खटपटीनंतर, 1887 च्या सुमारास डॉक्टरांना एक असे रोप सापडले की ज्याच्या सुगंधी फुलावर एकही रेष नव्हती. त्याला त्यांनी ‘व्हायोलेटा’ असे नाव दिले. त्याच सुमारास एडिंबरो येथे जेम्स ग्रीव्ह नावाचे रोपवाटिकेतले एक कसबी गृहस्थ रानटी व्हायोला आणि पॅन्झी यांचे संकर करण्यात गढलेले होते. त्यांचे नाव आज एका सफरचंदाला चिकटून राहिले आहे, आणि त्यांच्या व्हायोलांची आठवण थोड्या जाणकारांना आहे. माझ्या परसातले ते रेषाहीन फूल चर्नसाइडच्या डॉक्टरांच्याच बागेतून कधीतरी निघाले असावे, अशी माझी समजूत आहे. तिला दाखला काही नाही, परंतु सहा मैल हे अंतर एका फुटव्याला फार नाही.

व्हायोला दीर्घकाळ फुलावी याचे इंगित एकच आहे, आणि ते शेजारच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितले : फुले सुकताच ती देठासकट खुडावीत, बोंड धरू देऊ नये. वनस्पतीच्या दृष्टीने फूल हे बी धरण्याची तजवीज असते. बी धरले की कार्य संपले, आणि मग रोप नव्या कळ्या काढण्याचे सोडून आपले सारे बळ त्या बोंडात ओतते. बोंड हिरावून घेतले की ते पुन्हा कळ्या काढते. जुलैच्या मध्याला तर सगळा ठोंबच जमिनीपासून दोन-तीन इंचांवर निर्दयपणे कापावा, त्याच्या पोटात खडीमिश्रित कुजट माती बोटांनी भरावी आणि पाणी द्यावे. तीन-चार आठवड्यांत बुडातून नवे कोंब येतात आणि दुसरा बहर सुरू होतो.

हे ऐकताच कोणत्याही मराठी माणसाच्या मनात जे येईल तेच माझ्या मनात आले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक आपल्यापैकी कितीतरी जणांनी अर्थ कळण्याच्या वयाआधी पाठ केलेला असतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून 1915 साली प्रसिद्ध केलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ आमच्या घरी लाल फडक्यात बांधलेला असे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली प्रवचने माझे वडील दर चातुर्मासात वाचीत. तेव्हा फळावाचून फुलत राहणारे हे रोप मला निष्काम कर्माचे मूर्तिमंत उदाहरण वाटले, आणि तसे मी एका पत्रात घरी लिहिलेही. आज ते पत्र माझ्यापुढे असते तर मी ते वाक्य काढून टाकले असते. व्हायोला फळाचा त्याग करीत नाही. तिचे फळ कात्रीने नेले जाते आणि ती ते पुन्हा मिळविण्यासाठी धडपडते. तिचा बहर हा अतृप्तीचा बहर आहे. ‘आयरिश मॉली’ नावाची सोनेरी-तपकिरी रंगाची एक जुनी जात आहे, ती तर फुलता फुलता मरते, असे सगळे बागवान सांगतात. बुडातून नवे कोंब फुटावेत एवढेही बळ ती मागे ठेवीत नाही. फलाची आशा हिरावून घेतली म्हणून वासना शमत नाही, उलट ती अधिक कर्म करू लागते, हे आपल्या कचेऱ्यांत आणि बाजारपेठांत रोज दिसणारे सत्य आहे; आणि गीतेने अठराव्या अध्यायात त्यागाची इतकी काटेकोर व्याख्या ज्या कारणासाठी केली ते कारण हेच असावे, की बाहेरून पाहता वंचित आणि विरक्त हे एकसारखेच दिसतात. फुलांना उपदेशकाच्या आसनावर बसविण्याची आपली खोड जुनी आहे. ती सोडली, तर फूल आपल्याला उत्तराऐवजी प्रश्न देते, आणि तो प्रश्न अधिक मोलाचा असतो.

माझ्या बाबतीत तो प्रश्न एका कसुरीतून निर्माण झाला. पाचव्या वर्षी घरच्या आजारपणामुळे मी दोन उन्हाळे भारतात होतो. परसाकडे कोणी पाहिले नाही. बोंडे धरली आणि पिकली. व्हायोलाचे बोंड कोवळेपणी मान खाली घालून असते. पिकताना ते वर होते, तीन शकलांत उघडते, आणि सुकत जाणाऱ्या शकलांच्या दाबाने एकेक बी चिमटीतून सुटल्यासारखे दूर उडते. मुंग्या त्यांना आणखी दूर नेतात, आणि पुष्कळशी बाजूलाच, आईच्या पोटाशी पडतात. मी परत आलो तेव्हा शेजारच्या बाई निवर्तल्या होत्या. त्यांच्या परसात नव्या मालकांनी हिरवळ पसरली होती. माझा ठोंब मात्र पूर्वीच्याच जागी, पूर्वीइतकाच दाट, त्याच पट्टीसह उभा होता. पुढच्या मे महिन्यात तो फुलला, आणि फुलाच्या खालच्या पाकळीवर तीन काळ्या रेषा होत्या. रंग थोडा गडद होता. वास नव्हता. जुने रोप थकून मेले होते आणि त्याच्या पोटाशी उगवलेल्या लेकराने त्याची जागा अशी बेमालूम भरून काढली होती, की वहिवाटीत कोठे खंड पडल्याचे जमिनीला कळले नाही आणि पट्टीलाही कळले नाही. जुन्या नामांकित व्हायोलांपैकी कित्येक याच रीतीने नाहीशा झाल्या आहेत. नाव बाजारात चालू राहते, आणि त्या नावाखाली विकले जाते ते भलत्याच बोंडातले अपत्य.

संकरज वनस्पतीचे बी आईसारखे निघत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या आजोबांच्या बागेत हापूस होता तो कलमांचा. आणि बांधाच्या पलीकडे कोयीपासून आलेले जे रायवळ होते, त्यांतल्या प्रत्येक झाडाची चव वेगळी आणि प्रत्येकाला घरातल्या माणसासारखे स्वतंत्र नाव. आजोबा भेट-कलम बांधीत तेव्हा रायवळाचे रोप कुंडीसह मांडवावर चढवून मातृवृक्षाच्या फांदीला नेऊन बांधत, आणि काही आठवड्यांनी सांधा जुळला की फांदी कापून घेत. मी एकदा त्यांना विचारले, की हे नवे झाड किती वर्षांचे? त्यांनी सांधा दाखवून म्हटले, “खालचं दोन वर्षांचं. वरचं माझ्या आजोबांच्याही आधीचं.” सात वर्षांच्या मुलाला त्या उत्तराने जो एक लहानसा कंप जाणवला, तोच कंप मला साठाव्या वर्षी त्या तीन रेषांपुढे उभे असताना जाणवला. बी हे अपत्य आहे. छाट म्हणजे ते रोप स्वतःच. बाई गेल्या, त्यांची आई केव्हाच गेली होती, वाड्यातला माळी गेला होता. आणि त्या सर्वांच्या हातून गेलेले रोप मात्र, दर ऑगस्टात कोणीतरी बुडाजवळचा न फुललेला कोंब तोडून वाळूत खोचला म्हणून, मृत्यूच्या हद्दीपलीकडे जगत आले होते. ते एकच रोप होते काय? आणि ते आता मेले असे म्हणायचे तर मेले ते काय?

चर्नसाइडजवळ व्हिटॅडर नदीच्या काठी नाइनवेल्स नावाची एक मिळकत आहे. हा प्रश्न ज्याने युरोपात सर्वांत निर्भयपणे विचारला तो डेव्हिड ह्यूम 1711 साली एडिंबरोत जन्मला, पण त्याचे बालपण या नाइनवेल्समध्ये गेले. मानवी स्वभावावरील त्याचा प्रबंध 1739 आणि 1740 या दोन वर्षांत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याने तिशीही गाठलेली नव्हती. त्या प्रबंधात त्याने प्रतिपादिले, की मनुष्य आपल्या अंतरंगात डोकावतो तेव्हा त्याला ऊन वा थंडी, प्रीती वा द्वेष अशी कोणती ना कोणती संवेदना सापडते, या संवेदनांव्यतिरिक्त ‘मी’ म्हणून वेगळी वस्तू सापडत नाही. ‘मी’ ही संवेदनांची एक मोळी आहे, आणि तिला अखंड मानते ती आपली कल्पनाशक्ती. याच्या समर्थनार्थ त्याने दिलेल्या दाखल्यांत एक ओक वृक्ष आहे, जो इवल्या रोपापासून विशाल तरू होईतो आपल्या देहाचा कणन् कण बदलतो आणि तरीही आपण त्याला तोच ओक म्हणतो. आणि एक गावचे देऊळ आहे, जे विटांचे होते ते ढासळल्यावर गावकऱ्यांनी दगडाचे बांधले आणि तरीही ते तेच देऊळ राहिले. नाइनवेल्सच्या रस्त्याने जाताना मला अनेकदा वाटते, की ह्यूमच्या बागेत व्हायोला असती तर त्याने तिचाही दाखला घेतला असता. परंतु शृंगयुक्त व्हायोला ब्रिटनमध्ये आली ते साल 1776 असे बागवानीच्या पुस्तकांत सांगतात, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात ह्यूम एडिंबरोत वारला. मृत्यूच्या काही आठवडे आधी चरित्रकार बॉस्वेल त्याला भेटावयास गेला होता. मरणोत्तर जीवन संभवतच नाही काय, असे त्याने विचारले असता, विस्तवावर टाकलेला कोळसा न जळणे हेही संभवनीय आहे, असे उत्तर त्या मरणासन्न मनुष्याने शांतपणे दिले. त्या शांतपणाविषयी मला अत्यंत आदर आहे. तितकाच आदर मला त्याच्या एका कबुलीविषयी आहे : प्रबंधाच्या शेवटच्या खंडाला जोडलेल्या पुरवणीत, व्यक्तीच्या एकत्वासंबंधीचे आपले विवेचन आपल्यालाच समाधानकारक वाटत नाही, असे त्याने लिहून ठेवले.

ओक एका जागी वाढतो; त्याच्या बाबतीत कल्पनाशक्तीला काम थोडे आहे. व्हायोलाचा ठोंब उपटून दहा तुकडे केले, दहा बागांत लावले, तर दहाही ठिकाणी तीच फुलते. जीर्ण वस्त्र टाकून नवे धारण करणारा जो देही गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितला आहे, तो एका वस्त्रातून एका वस्त्रात जातो. दहा वस्त्रांत एकाच वेळी शिरणाऱ्या देहीचा हिशेब तेथे मिळत नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या पुत्राला वडाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास सांगतो, आतले बी फोडावयास सांगतो, आणि त्याला काही दिसत नाही असे तो म्हणतो तेव्हा, त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच हा महान वड उभा आहे, असे त्याला समजावतो. परंतु तो वड रानचा आहे. त्याच्या बियात वडच असतो. माझ्या रोपाच्या बियात ते रोप नव्हते. जैन शास्त्रकारांनी मात्र या अडचणीकडे फार बारकाईने पाहिलेले दिसते. ज्या वनस्पतीत एका देहाला एक जीव ती ‘प्रत्येक’, आणि ज्या वनस्पतीत एका देहात अनंत जीव एकत्र नांदतात ती ‘साधारण’, असे दोन वर्ग त्यांनी केले. तुकड्यातून उगवणाऱ्या कंदाला हात लावताना ज्यांना भय वाटले, त्यांच्या त्या भयात केवळ आहाराचा नियम नव्हता; जीवाची गणना कशी करावी ही त्यांची खरी चिंता होती.

मला आधार सापडला तो नागसेनापाशी. मिलिंदपञ्हात यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, की जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रीच्या पहिल्या प्रहरी तेवणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी तेवणारी ज्योत यांचे जसे आहे तसे. हा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. पण त्याच ग्रंथात याहून साधा आणि माझ्या मते अधिक खोल असा एक दृष्टान्त आहे. एका माणसाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडले गेल्यावर तो म्हणाला, की याने जो आंबा पेरला तो निराळा, मी नेले ते निराळे; मी याचे काहीच नेलेले नाही. राजाने त्याला सोडून द्यावे काय? राजा म्हणतो, नाही. कारण नेलेले आंबे पेरलेल्या आंब्याच्या आधारानेच झाले. येथे नागसेन वस्तूच्या पोटात कोणते अविनाशी द्रव्य दडले आहे याचा शोधच घेत नाही. तो प्रश्न न्यायसभेत नेतो. ‘तेच’ की ‘दुसरे’ हे ठरते ते कोणाला कशाचा जाब द्यावा लागतो यावरून. ह्यूमला जे सापडत नव्हते ते अंतरंगात नव्हतेच, असे मला वाटते. ते दोन माणसांच्या मध्ये होते. बाईंचे रोप हे ‘तेच’ होते, कारण एकाने दुसऱ्याच्या हाती ते सोपविले होते आणि घेणाऱ्याने ते राखण्याचे न बोलता कबूल केले होते. माझ्या गैरहजेरीत तुटला तो हा करार, आणि पट्टी जागेवर असूनही रोप परके झाले ते म्हणून.

आपल्या भाषेत कलम हा शब्द झाडाच्या सांध्यालाही आहे आणि लेखणीलाही आहे, हे मला या विचारात असतानाच प्रथम खऱ्या अर्थाने उमगले. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये सिद्ध झाली. तीनशे वर्षे ती हातोहात उतरली गेली. आणि प्रत्येक उतरणाऱ्याच्या भक्तीने, विसराने किंवा हौसेने तिच्या पोटाशी नव्या ओव्या उगवत गेल्या. शके 1506 मध्ये एकनाथांनी प्रती मिळवून ती शुद्ध केली, आणि यापुढे कोणीही तीत स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. आख्यायिका अशी, की ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन आपल्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली आहे ती काढ, असे नाथांना सांगितले आणि नाथांनी आळंदीस जाऊन ती काढली. पूर्वी मला ही गोष्ट केवळ चमत्काराची वाटे. आता वाटते, की शुद्धीकरणाच्या कामाचे इतके अचूक वर्णन दुसऱ्या कोणत्या प्रतिमेने झाले नसते : जवळच उगवलेले, जिवंत, स्वतः पवित्र मानलेले असे काहीतरी मूळ कंठाभोवती वाढत जाते, आणि आवाज दबतो. एकनाथ स्वतः थोर कवी. आपली एखादी ओवी त्या ग्रंथात खोचण्याचा मोह त्यांनी आवरला, यात मला त्यांच्या सर्व चमत्कारांहून मोठा चमत्कार दिसतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या पंडितांनी 1919 पासून 1966 पर्यंत, सत्तेचाळीस वर्षे, बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची जी संशोधित आवृत्ती सिद्ध केली, तेही याच जातीचे काम होते.

आणि तरीही मी बीजाच्या विरुद्ध साक्ष देणार नाही. महाभारताच्या पोटाशी जे उगवले त्यात तण पुष्कळ असेल, पण त्यात लोकांना प्राणप्रिय झालेल्या कथाही आहेत, आणि त्या काढून टाकताना संपादकांचे हात जड झाले असतील. डॉक्टर स्टुअर्टांनी बोंड धरू दिले नसते तर ती बारा रोपे झाली नसती, आणि जे नंतर राखावयाचे ते मुळी जन्मालाच आले नसते. सगळेच एकनाथ असते तर ज्ञानेश्वरी लिहिलीच गेली नसती. राखणे आणि जन्म देणे ही दोन्ही कर्मे एकाच वाफ्यात एकाच वेळी होत नाहीत, एवढेच मला कळले आहे. त्यांच्यात कुंपण लागते. त्या तीन रेषांच्या लेकराला मी उपटले नाही. त्याला परसाच्या दुसऱ्या टोकाला, सफरचंदाखाली, पट्टीवाचून लावले. तेथे त्याची बोंडे कोणी खुडत नाही, आणि गेल्या वर्षी त्याच्या बियांतून एक जवळजवळ पांढरे फूल निघाले, ज्याच्याविषयी मी अजून कोणाशी बोललो नाही.

जुने रोप मला परत मिळाले. शेजारच्या बाईंनी कधीकाळी चर्नसाइडच्या वाटेवरच्या एका निवृत्त शिक्षिकेला छाट दिली होती, हे मला गावातल्या चर्चच्या झाडलोट करणाऱ्याकडून कळले. मी तिच्या दारी गेलो तेव्हा ऑगस्ट होता आणि संध्याकाळचे धुके चढत होते. फूल दिसण्यापूर्वी मला वास आला. तिच्याकडे पट्टी नव्हती, नाव नव्हते. मी पट्टी घेऊन गेलो होतो. घरी आणलेल्या ठोंबाच्या बुडाशी पोकळ न झालेले, दोन इंचांचे सात कोंब निघाले. खालची पाने काढून, पेराखाली धारदार चाकूने कापून, ते वाळू आणि पानमातीच्या कुंडीत कडेकडेने खोचले आणि काचेखाली सावलीत ठेवले. सातांपैकी पाच रुजले. वसंतात त्यांतला एक मी नव्या शेजाऱ्यांच्या मुलीला दिला. ती दहा वर्षांची आहे, आणि हिरवळीचा एक कोपरा खणून घेण्याची परवानगी तिने वडिलांकडून मोठ्या हट्टाने मिळविली होती. तिने स्वतःसाठी जस्ताची कोरी पट्टी आणली, माझी पट्टी हातात घेऊन वाचली, आणि विचारले, की कोणाची आई? मी तिला बाईंविषयी सांगितले, बाईंच्या आईविषयी जेवढे ऐकले होते तेवढे सांगितले. मग तिने विचारले, की आता माझ्या पट्टीवर काय लिहू? मी म्हटले, “जे लिहिलं आहे तेच उतरून घे.”